तुझं पाऊल, माझी टाच

वैजू,

परवा भांडुपला तुझी शोकसभा झाली. आपल्या शाळेतली जुनी मंडळी, पंधरा-सोळा जण असतील. फोटोत तू ती निळी साडी नेसलेली होतीस, तुला कधीच न आवडलेली. तुझ्या लेकीने, अनघाने, तुझा दुसरा फोटो दिला होता, पण त्यात चष्मा चमकतो म्हणून कुणीतरी हाच मोठा करून आणला. आपले मुख्याध्यापक सरही आले होते. आता काठी टेकत चालतात. ते म्हणाले, बाई चाकोरीबाहेरच्या होत्या. मग पुढच्या प्रत्येकाने तोच शब्द उचलला. चाकोरीबाहेरचं शिकवणं, चाकोरीबाहेरचा विचार. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. मला रागही आला नाही आणि हसूही आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं. अकरा वर्षांपूर्वी ह्याच लोकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यात पहिली मी होते.

मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसलाय म्हणाले. घसा ठीक होता. मला जे बोलायचं आहे ते सभेत बोलण्यासारखं नाही, आणि ते तुझ्याशिवाय कुणाच्या कामाचंही नाही.

‘चाकोरीबाहेरची’ हे तुला अजिबात चाललं नसतं. चाकोरी बैलगाडीची, आपण दोघी कधी बैलगाडीत बसलो, असं काहीतरी म्हणाली असतीस. तुझा शब्द वेगळाच होता. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपली ओळखही नव्हती. मी शाळेत लागून आठवडा झाला होता. आठवीला कविता शिकवत होते आणि पलीकडच्या वर्गातून, तुझ्या इंग्रजीच्या तासाला, धाड धाड आवाज येत होता. दोन वेळा शिपाई पाठवला, तरी थांबेना, तेव्हा तणतणत स्वतः आले. बघते तर बाकं भिंतीला लावलेली, मुलं तीन रांगांत आणि तू टेबलावर डस्टर आपटत ‘बाएँ, बाएँ’ म्हणतेयस. मध्येच डस्टर एका मुलीच्या हातात देऊन तू स्वतः साडी खोचून मधल्या रांगेत घुसलीस आणि मुद्दाम उलटा पाय टाकत चालायला लागलीस. चार पावलांत मागची मुलगी तुझ्यावर आदळली. सगळा वर्ग हसला. तू फळ्यापाशी गेलीस आणि लिहिलंस, आउट ऑफ स्टेप. मग दारात उभ्या असलेल्या मला म्हणालीस, “बाई, पाच मिनिटं द्या. पुन्हा आयुष्यात विसरणार नाहीत.”

ती मुलं विसरली की नाही कोण जाणे. मी नाही विसरले.

हे सगळं तुझ्या बाबांकडून आलेलं होतं. ते सैन्यात हवालदार होते, नव्याने भरती झालेल्यांना कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन घाटकोपरला आले, तरी तुम्हा बहिणींना सकाळी गच्चीवर कदमताल करायला लावायचे, हे तूच सांगितलंस. पुढे मी तुमच्या घरी यायला लागले तेव्हा त्यांनी मलाही सांगितलं होतं. जुन्या काळी सैनिक खांद्याला खांदा लावून पुढे जायचे. बाजूला ढोल वाजायचा आणि ढोलाच्या ठोक्याला सगळ्यांचा डावा पाय. एकाचं पाऊल चुकलं की ओळ वाकडी होणार, ओळीत फट पडणार आणि त्या फटीतून शत्रू आत शिरणार. म्हणून एवढा काच. पुढे लढाया बदलल्या, पण ‘आउट ऑफ स्टेप’ हा शब्द कवायतीच्या मैदानातून निघून घराघरांत, ऑफिसांत शिरला. चारचौघांसारखं न वागणारा कुणी दिसला की इंग्रजीत त्याला तेच म्हणायला लागले. तुझ्या बाबांना इंग्रजी वाक्प्रचारांचं कौतुक नव्हतं. त्यांचा मुद्दा साधा होता. पाऊल चुकणाऱ्याला स्वतःला कळतच नाही. “पायाक बघू नको, आवाज आयक,” ते आपल्या मालवणीत म्हणायचे. आणि एक गोष्ट बजावून सांगायचे, की पाऊल एकाचं चुकतं आणि लाथ मागच्याच्या टाचेवर बसते.

ह्या शब्दाला मराठी काय, ह्यावर आपण किती वर्षं भांडलो. मी मराठी शिकवणारी, त्यामुळे मला हार मानणं शक्य नव्हतं. मी म्हणायचे, ‘फटकून वागणारा’. तू म्हणायचीस, छे. फटकून वागणारा रुसलेला असतो, बाजूला गेलेला असतो. हा बाजूला गेलेला नाही. तो त्याच रांगेत आहे, त्याच रस्त्याने, त्याच गावाला निघालाय. फक्त पाय वेगळा पडतोय. मी ‘रांग मोडणारा’ म्हटलं तर तू म्हणालीस, तो तर पळपुटा. मग मी चिडून म्हणाले, आमच्या भाषेत शब्द नाही कारण आमच्याकडे असली माणसं नाहीत. त्यावर तू एवढी हसलीस की तुझा चहा सांडला.

तसं एक माणूस माझ्या शेजारीच बसत होतं. अठरा वर्षं.

त्या वर्षी पटाचा घोळ झाला. तुला काय सांगायचं, पण मला एकदा क्रमाने बोलू दे. मराठी शाळेत मुलं उरली नव्हती. मे महिन्यात आपण दोघी कांजूरमार्गच्या टेकडीवर घरोघर फिरायचो, तुमचं मूल आमच्याकडे घाला म्हणून. दप्तर देऊ, वह्या देऊ. बायका पाणी द्यायच्या आणि सांगायच्या की इंग्रजीत घातलाय. पट घसरला की तुकडी बंद, तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त, आणि अतिरिक्त झालेल्याला सरकार मुंबईत कुठेही पाठवणार. म्हणून सोडून गेलेल्या मुलांची नावं हजेरीत तशीच ठेवायची, असं स्टाफरूममध्ये ठरलं. तपासणी येणार हे कळल्यावर आणखी ठरलं, की जवळच्या क्लासमधून मुलं आणून रिकाम्या बाकांवर बसवायची. सर म्हणाले, सगळ्यांनी एकदिलाने केलं तर निभावेल. सगळ्यांनी मान हलवली. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुला गेटपाशी गाठलं. भाषेच्या शिक्षकांच्या सेवाज्येष्ठतेच्या यादीत तुझं नाव चौथं आणि माझं पाचवं. माझ्यानंतर कुणी नाही, म्हणजे अतिरिक्त ठरायची पाळी आधी माझी. तू माझ्यापेक्षा अकरा महिने आधी लागलेली, एवढाच फरक. मी तुला स्पष्ट विचारलं, उद्या काही करणार नाहीस ना. तू म्हणालीस, “नाही करणार.” हे तुझेच शब्द. ते मी तुला पुढे शंभर वेळा ऐकवले असतील.

दुसऱ्या दिवशी अधिकारी नववी ‘ब’मध्ये आले. तुझा वर्ग. हजेरीत एकेचाळीस, तुझी खरी तेवीस, बाकीची आणून बसवलेली. त्यांनी नावं वाचली, मुलं हजर म्हणाली. सगळं नीट चाललं होतं. मी व्हरांड्यातून पाहत होते. अधिकाऱ्यांनी वही मिटली, सहज विचारावं तसं विचारलं, सगळी तुमचीच ना. आणि तू म्हणालीस, “नाही. तेवीस माझी आहेत.”

कुणी ओरडलं नाही. सरांचा चेहरा पांढरा पडला. अधिकारी खुर्ची ओढून परत बसले आणि हजेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

दोन महिन्यांत दोन तुकड्या बंद झाल्या. माझ्या हातात गोवंडीच्या शाळेचं पत्र पडलं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी तुला जे बोलले त्यातलं बरंचसं आता आठवत नाही, पण एक आठवतं. मी म्हणाले, तुझ्या बाबांनी सांगितलं होतं ना, लाथ कुणाला बसते ते. बघ, इथे बसली. आणि मी खरंच पाय उचलून टाच दाखवली तुला. चाळिशी उलटलेली बाई, एक चप्पल हातात घेऊन एका पायावर उभी. तू पिशवी उचललीस आणि वर्गावर गेलीस. तास होता तुझा.

मी गेल्यावर तुझं काय झालं ते मला कळत होतं. तुला मेमो दिला, परीक्षेच्या कामातून काढलं. तू डबा वर्गात एकटी बसून खायचीस. फोनवर कुणी हे सांगितलं की मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटायचं.

दीड वर्ष आपण बोललो नाही. मग एका शनिवारी तू गोवंडीला येऊन उभी राहिलीस. शिपायाने सांगितलं, कुणीतरी बाई आल्यात. मी गॅलरीतून पाहिलं आणि तुला वीस मिनिटं उन्हात उभी ठेवली. खाली आले तेव्हा तू पदर नाकाला लावून उभी होतीस. देवनारच्या कचऱ्याचा धूर त्या दिवशी जास्त होता. मला वाटलं, आता माफी मागेल. तू म्हणालीस, “माझं चुकलं म्हणायला नाही आले. तू कशी आहेस ते बघायला आले.”

मी म्हणाले, बघितलंस ना. आता जा.

तू गेली नाहीस. तिथेच गेटच्या कट्ट्यावर बसलीस आणि रूपालीचं सांगितलंस. रूपाली नववी ‘ब’ची. तिच्या आईबापांनी तिला दिवाळीत गावी नेलं आणि लग्न उरकून टाकलं. तू तिच्या घरी तीनदा जाऊन आली होतीस, हे मलाही माहीत नव्हतं. पहिल्यांदा आईने रडून दाखवलं, दुसऱ्यांदा बापाने दार लावून घेतलं, तिसऱ्यांदा खोलीला कुलूप. हजेरीत तिचं नाव ठेवायला तू तयार झालीस. आदल्या दिवशी मला दिलेला शब्दही खराच होता. पण तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी रूपालीचं नाव वाचलं आणि क्लासमधून आणलेली, लाल रिबिनीची एक मुलगी उठून हसत हजर म्हणाली. “मग मला नाही जमलं गं,” तू म्हणालीस. “मला तेव्हा तू आठवलीस. आठवलीस, तरी नाही जमलं.”

मी तुला माफ केलं असं मी कधी म्हटलं नाही आणि तूही ते मागितलं नाहीस. मी शिपायाला सांगून दोन चहा मागवले. तुला शाळेच्या आत मात्र नेलं नाही. गेटवरच चहा प्यायलो आपण.

त्यानंतर बोलणं सुरू झालं, ते तुटलं नाही. आधीसारखं झालं नाही, हेही खरं. माझ्या हातात एक गोष्ट आली होती आणि ती मी सोडत नव्हते. तू काही ठाम बोललीस की मी गोवंडीचं नाव काढायचे आणि तू गप्प व्हायचीस. अनघाच्या लग्नात, तुझ्या बाबांच्या दहाव्याला, कुठेही. मला त्याची सवय लागली होती. तुझ्यासारख्या बाईला गप्प करता येतं, ह्याची.

आपली मराठी शाळा पुढे बंदच झाली. तू निवृत्त झालीस त्याच मे महिन्यात शेवटची तुकडीही गेली. ज्यांनी तेव्हा हजेरीत खोटी नावं ठेवली होती, तेही सगळे इकडेतिकडे पांगले. कुणी बोरिवलीला, कुणी आणखी लांब. म्हणजे तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर आणखी काही वर्षं निघाली असती, बस. तू बोललीस म्हणून शाळा वाचली नाही आणि तू बोललीस म्हणून बुडालीही नाही. ह्या हिशोबाने कोण बरोबर होतं, मला अजून ठरवता येत नाही. मला कंटाळा आलाय ठरवण्याचा.

मग तुझे डायलिसिसचे दिवस आले. मंगळवार माझा होता. मुलुंडहून मी यायचे, अनघा ऑफिसला जायची आणि आपण चार तास त्या यंत्राच्या घरघरीत बसायचो. तुला पेपरही धरवत नव्हता, पण भांडण धरवायचं. एकदा तू म्हणालीस, बाबांनी आणखी एक सांगितलं होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. पूल आला की सैनिकांना पाऊल मोडायला सांगतात. सगळ्यांचे पाय एका ठोक्यावर पडले तर पूल हलायला लागतो, म्हणून तिथे मुद्दाम ज्याने त्याने आपापलं चालायचं. मी विचारलं, मग आपली शाळा काय पूल होती का. तू बराच वेळ विचार केलास, खरंच केलास, आणि म्हणालीस, माहीत नाही. मग दोघीही हसलो. नर्स येऊन बघून गेली.

शब्द मात्र सापडला नाही. शेवटी तूच म्हणाली होतीस, ‘पाऊल वेगळं पडणारी’ म्हण आणि मिटव एकदाचं. मी म्हणाले, लांबलचक आहे, जिभेवर बसत नाही. ते तसंच राहिलं.

आता जे सांगायचं म्हणून बसले ते सांगते.

गोवंडीची शाळा मला आवडली, वैजू. पहिले तीन-चार महिने रडले. मग कधीतरी लक्षात आलं की मी शाळेत लवकर जाते. एका वर्गात बासष्ट मुलं होती. खरी बासष्ट, दाटीवाटीने बसलेली, धुराने खोकणारी, आणि एकही नाव खोटं नाही. अर्ध्यांच्या घरी मराठी बोलत नसत. मला अ-पासून सुरुवात करावी लागली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की मी शिकवते आहे. एका मुलीच्या आईने मला भर रस्त्यात थांबवून स्वतःची सही करून दाखवली, मुलीने शिकवलेली. तू शनिवारी आलीस तेव्हा मी तुला आत का नेलं नाही, तर वर माझा वर्ग माझी वाट बघत बसला होता. सुट्टी होऊन गेली होती, तरी बसला होता. ते तू पाहिलं असतंस तर माझ्याजवळ तुझ्याविरुद्ध काही उरलं नसतं.

आणि तिसऱ्या वर्षी आपल्या शाळेतून पत्र आलं होतं. एक बाई स्वेच्छानिवृत्त झाल्या, जागा रिकामी झाली, परत यायचं असेल तर कळवा. तुलाही कुणकुण लागली होती, तू मला फोन करून विचारलंस. मी म्हणाले, मला कसलं पत्र नाही, तिथे माझं कोण आहे विचारणारं. तू त्या दिवशी सरांशी जाऊन भांडलीस, हे मला नंतर कळलं. सरांनी तुला काय सांगितलं ते माहीत नाही. कदाचित खरं सांगितलं असेल. तू मला पुन्हा कधी विचारलं नाहीस. मला पत्र मिळालं होतं, वैजू. मी मला परत यायचं नाही असं लिहून, खाली सही करून पाठवलं होतं. निवृत्त होईपर्यंत गोवंडीत काढलेल्या नऊ वर्षांतली सहा मी स्वतः मागून घेतली आणि नऊच्या नऊ तुझ्या माथी ठेवली.

गेल्या दोन वर्षांत, चार-चार तासांच्या एवढ्या मंगळवारांत, मला हे सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. आज दमलीय, आज तिला मळमळतंय, आज मीच दमलेय. खरं कारण हे नव्हतं. तू माझी देणेकरी आहेस असं मला वाटत राहावं, हे मला हवं होतं. तेवढ्या एका बाबतीत मी तुझ्यापेक्षा वरचढ होते.

शेवटच्या मंगळवारी तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. मी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, “शुभा, माझ्यामुळे तुझी नऊ वर्षं गेली.”

मी म्हणाले, “जाऊ दे गं.”

तू मान हलवलीस. तुला तेवढंही पुरलं, असं वाटलं. शुक्रवारी सकाळी अनघाचा फोन आला.

रोज तेच डोक्यात येतं. भाजी चिरताना, दूध घेताना, परवा त्या सभेत बसले होते तेव्हाही. मी मराठीची बाई, आयुष्यभर मुलांना शब्द नीट निवडायला सांगितलं, आणि तिथे ‘जाऊ दे’ म्हणून मोकळी झाले. म्हणायला हवं होतं ते दोनच शब्दांचं होतं. गेली नाहीत.

गेली नाहीत, वैजू.